मशिदीवरची कौले

मशिदीचे चित्र काढ, असे शाळेतल्या कुठल्याही मुलाला सांगून पाहा. तो आधी मधोमध एक मोठा घुमट काढील, दोन्ही बाजूंना दोन उंच मनोरे उभे करील, वर चंद्रकोर टेकवील आणि मग हिरवा खडू शोधू लागेल. मुलगा हिंदूंचा असो की मुसलमानांचा, चित्र एकच. कॅलेंडरे, चित्रपट, ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येणारी छायाचित्रे यांनी आपणा सर्वांच्या मनात हे एकच चित्र पक्के करून ठेवले आहे. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातल्या काही जुन्या मशिदी मात्र या चित्रात बसत नाहीत. त्यांना घुमट नाही, मनोरा नाही. त्यांच्या डोक्यावर कौले आहेत. किंबहुना कौले होती, असे म्हणायची वेळ आता येऊ लागली आहे, आणि आजचे हे लिहिणे त्याचसाठी आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी माझी बदली भातसानगरच्या परिसरातल्या एका ग्रामीण शाखेत झाली. भातसानगर म्हणजे भातसा धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत. म्हशी, पाण्याची इंजिने आणि विहिरी यांची तपासणी करायला मी आसपासची गावे पालथी घालीत असे. बँकेच्या माणसाला इमारतीकडे पाहण्याची एक खोड लागते. जोते किती उंच, भिंत विटेची की कुडाची, छप्पर कसले, आणि हे सगळे तारण म्हणून किती रुपयांचे, हा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो. त्याच नजरेने मी तिथली एक मशीद पहिल्यांदा पाहिली. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. काळ्या दगडाचे जोते, तीन बाजूंना पडवी, सागाचे खांब, वर दुपाखी छप्पर. लांबून ती एखाद्या सुखवस्तू पाटलाच्या वाड्यासारखीच दिसे. जवळ गेले की पायऱ्यांपाशी उतरवलेल्या चपला आणि वजूचा चौकोनी हौद दिसायचा. आत गेले की पश्चिमेच्या भिंतीत एक कमानदार कोनाडा. हा मिहराब. त्याच्या शेजारी तीन पायऱ्यांचे लाकडी मिंबर, जिथून शुक्रवारी इमाम खुतबा देतात. बाकी सगळी जागा मोकळी, गार आणि स्वच्छ. तुळयांवर सुतारांनी फुले-वेली कोरलेल्या होत्या. तशाच फुले-वेली त्याच गावातल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात होत्या. कारागिरांचे एकच घराणे दोन्हीकडे राबले असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

मशिदीची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध गृहस्थ आमचे खातेदार होते. मशिदीवर घुमट कसा नाही, असे मी त्यांना सहज विचारले. ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडचा पाऊस घुमट ओळखत नाही, उतार ओळखतो." ज्याने जूनपासून चार महिने कोसळणारा शहापूरचा पाऊस पाहिला आहे, त्याला हे उत्तर पटायला वेळ लागू नये.

घुमट नसलेली मशीद म्हणजे गरिबाघरची, अपुरी राहिलेली मशीद, असे मात्र कोणी समजू नये. मदिनेत ६२२ साली जी मशीद उभी राहिली, ती कच्च्या विटांच्या भिंतींची होती. खजुरीची खोडे हे तिचे खांब आणि खजुरीच्या झावळ्या हे तिचे छप्पर. तिला ना घुमट होता ना मनोरा. बिलाल अजान देत ते शेजारच्या घराच्या छपरावर चढून. मशिदीला लागते काय, तर मक्केची दिशा, म्हणजे किब्ला. हातपाय धुवायला पाणी. आणि खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहता येईल एवढी स्वच्छ जागा. बाकीचे सगळे त्या त्या मुलखाने आपल्या परीने घातलेले आहे. अरबस्तानातल्या माणसाला सावली हवी होती, कोकणातल्या माणसाला पावसापासून आडोसा हवा होता. दोघांनीही आपापल्या गरजेप्रमाणे बांधले.

जगभर हेच झाले आहे. आफ्रिकेतल्या मालीमध्ये जेन्ने येथील प्रसिद्ध मशीद सबंध मातीची आहे. आजची इमारत १९०७ ची. चीनमधल्या शिआन शहरातली मोठी मशीद मिंग राजवटीत, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, आजच्या रूपाला आली. एकामागून एक अंगणे, वळणदार कडांची छपरे, लाकडी मंडप. अनोळखी माणूस तिला चिनी देऊळच म्हणेल. जावा बेटावरच्या डेमाकच्या मशिदीचे छप्पर तीन टप्प्यांचे, उतरते, आणि ते पेलणारे खांब लाकडाचे आहेत. आपल्याच देशात कोझिकोडची मिश्काल मशीद पाहा. एका व्यापाऱ्याने चौदाव्या शतकात बांधलेली, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी जाळलेली आणि नंतर पुन्हा सावरलेली ही मशीद केरळातल्या देवळांसारखीच मजल्यामजल्यांची, लाकडाची आणि कौलांची आहे.

मग घुमट आला कुठून? इस्तंबूलच्या ज्या भव्य घुमटांनी जगाचे डोळे दिपवले, त्यांच्यापुढे आदर्श होता तो तिथल्याच एका चर्चचा. ५३७ साली पूर्ण झालेले हागिया सोफिया हे चर्च १४५३ मध्ये मशीद झाले, विसाव्या शतकात संग्रहालय झाले आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. त्याच्या घुमटाशी स्पर्धा करीत सिनान या महान स्थपतीने १५५७ मध्ये सुलेमानिये मशीद पूर्ण केली. आपल्याकडे पाहाल तर गोव्यातल्या मंगेशीच्या देवळाला घुमट आहे आणि रायगडावरच्या जगदीश्वराचे शिखरही घुमटाकार आहे. घुमटाचा सातबारा कोणा एका धर्माच्या नावावर झालेला नाही.

महाराष्ट्र आणि त्याच्या शेजारचा मुलूख घेतला तर या गोष्टीला हजार वर्षांचा पुरावा आहे. दहाव्या शतकात अल् मसूदी हा अरब प्रवासी सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला, येऊन गेला. तिथे हजारो मुसलमान राहतात आणि राष्ट्रकूट राजाच्या राज्यात त्यांच्या मशिदी सुखाने नांदतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याच काळातला, ९२६ सालचा, एक ताम्रपट पूर्वीच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. त्यावरून दिसते की संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी एका अरबाकडे सोपवला होता. महंमद या त्याच्या नावाचे ताम्रपटात 'मधुमती' झाले आहे, आणि तो ताम्रपट आहे एका देवीच्या मठाला दिलेल्या दानाचा. अकराव्या शतकात गोव्याच्या कदंब राजाने बंदरातल्या मशिदीचा खर्च भागावा म्हणून जहाजांवर कर घेण्याची मुभा दिली, त्या संस्कृत ताम्रपटात मशिदीला 'मिजिगिती' म्हटले आहे. ही आक्रमणाच्या आधीची, व्यापाराच्या वाटेने आलेली आणि राजाच्या परवानगीने उभी राहिलेली मशीद आहे. कोकणातली कौलारू मशीद हिच्याच कुळातली.

फोंड्याची साफा मशीद आदिलशाहीतली, १५६० ची. जांभ्या दगडाच्या भिंतींवर उतरते कौलारू छप्पर आणि शेजारी पायऱ्यांचा मोठा तलाव. घाटावर गेलो की रूप बदलते, कारण हवा बदलते. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातल्या १३६७ च्या मशिदीने तर नेहमीचे उघडे अंगणच ठेवले नाही. सबंध जागेवर छत घातले. बऱ्हाणपूरची जामा मशीद १५९० च्या सुमाराची. तिला दोन उंच मनोरे आहेत पण छत सपाट, घुमट नाहीच. आत भिंतीवर अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात संवत व शक ही दोन्ही वर्षे दिली आहेत. फारूकी सुलतानाने आपल्या मशिदीत शालिवाहन शक कोरून घ्यावा, याचा अर्थ ती मशीद कुठे उभी आहे याचे त्याला पुरते भान होते.

इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दौलताबादची जामा मशीद १३१८ ची. तिच्यातले खांब जुन्या देवळांचे आहेत, हे पाहताक्षणी कळते. १९४८ नंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसली. स्पेनमधली कोर्दोव्याची अप्रतिम मशीद १२३६ पासून चर्च आहे. विजेत्यांनी हे जगभर केले, सगळ्या धर्मांच्या विजेत्यांनी केले, आणि त्याची जखम पिढ्यान्‌पिढ्या ठणकत राहते. १९९२ नंतर आपल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. मला फक्त एवढेच म्हणायचे आहे की, मशिदीचा सगळा इतिहास या एका प्रकरणात कोंबू नये. शहापूरकडच्या त्या कौलारू मशिदीने कोणाचे काही घेतले नव्हते. घेतली असेल तर गावची माती, गावचे लाकूड आणि गावच्या सुताराची कला.

मुंबईकर वाचकांना यासाठी शहापूरपर्यंत यायचीही गरज नाही. क्रॉफर्ड मार्केटपासून चार पावलांवर असलेली जामा मशीद पाहावी. १८०२ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. १९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये तिची हकीगत दिली आहे. ती जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. मशीद बांधायला त्याने संमती दिली, पण एका अटीवर: तलाव होता तसा राहिला पाहिजे. म्हणून पाण्यातून काळ्या दगडाच्या कमानी उभारल्या आणि त्यांच्यावर मशीद बांधली. पुढे वस्ती वाढली तशी ती मशीद मजल्यांनी वाढली, रस्त्यावरून ती ओळखूही येईना. तलाव मात्र आजही आत आहे. लोक त्याच्या पायऱ्यांवर बसून वजू करतात, पाण्यात मासे फिरतात. मला ही हकीगत फार मोलाची वाटते. भातसाचे पाणी पिसे-पांजरापूरच्या वाटेने मुंबईला जाते आणि मुंबईची निम्मी तहान जवळजवळ त्यावर भागते. पण भातसाच्या कितीतरी आधीच, नळाने पाणी येऊ लागल्यावर, शहरातले तलाव एकामागून एक बुजवले गेले. धोबी तलाव, गोवालिया टँक ही आता नुसती नावे उरली. सगळ्या शहराने जे केले ते त्या एका मालकाच्या अटीने तिथे होऊ दिले नाही.

आता सध्या काय चालले आहे ते पाहू. गावोगावच्या कौलारू मशिदी उतरवल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी काँक्रीटच्या मशिदी उभ्या राहत आहेत. खाली संगमरवरी फरशी, वर फायबरचा नाहीतर सिमेंटचा घुमट, कोपऱ्यांत पेन्सिलीसारखे मनोरे. नमुना बहुधा एखाद्या छापील चित्रातून घेतलेला. मदिनेच्या ज्या हिरव्या घुमटाचे चित्र घरोघरी असते, त्या घुमटाला हिरवा रंगदेखील १८३७ मध्ये दिलेला, हे फार थोड्यांना माहीत असते.

हे करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही होईल. कौले फुटतात, माकडे ती विस्कटतात, वाळवी वाशांना लागते. सागाचे लाकूड आता परवडत नाही आणि कौले बसवणारी माणसे मिळत नाहीत. गाव वाढले, जुम्माच्या नमाजाला जागा पुरत नाही. आखातात किंवा मुंबईत चार पैसे कमावलेल्या मुलाला वाटते की आपल्या गावची मशीद 'पक्की' असावी, मशिदीसारखी दिसावी. यात श्रद्धा आहे, गावाचा अभिमान आहे. आणि आपल्या देवळांचे आपण वेगळे काय केले? कोकणातली कौलारू, लाकडी सभामंडपांची देवळे पाडून आपण तिथे सिमेंटची शिखरे उभी केली, त्यांना तैलरंग फासले, गाभाऱ्यात स्नानगृहाला शोभतील अशा गुळगुळीत टाइल्स लावल्या आणि वर देणगीदारांच्या नावांच्या पाट्या. जीर्णोद्धार या चांगल्या शब्दाचा अर्थ आता जुने ते पाडणे असा झाला आहे. त्यासाठीच्या अर्जांना जोडलेली अंदाजपत्रके मी नोकरीत पुष्कळ पाहिली. नव्या बांधकामाचा पैन् पैचा हिशेब त्यांत असायचा. जुन्याची दुरुस्ती केली तर किती खर्च येईल, याचे अंदाजपत्रक जोडलेले मला एकदाही दिसले नाही. तो प्रश्नच कोणी कोणाला विचारलेला नसे.

कोणी म्हणेल, कौले गेली आणि स्लॅब आला, त्यात एवढे काय बिघडले? घरांचीही गेलीच की. माझ्या मते बिघडते ते असे. कौलारू इमारतीला दरवर्षी माणसे लागतात. मृगाच्या आधी कौले परतावी लागतात, फुटकी काढून नवी सारावी लागतात. त्या गावात हे काम ठाकर आणि कातकरी गडी करीत. आधी विठ्ठल मंदिर, मग मशीद, मग घरे, असा त्यांचा आठवडा-दहा दिवसांचा क्रम असे. खाली गावातली पोरे हातोहात कौले पोहोचवीत. कोणाच्या छपरावर कोणाचे पोर आहे, हे त्या दिवसांत कोणी पाहत नसे. मघाशी जेन्नेच्या मातीच्या मशिदीचा उल्लेख केला. तिथेही दरवर्षी सबंध गाव जमून तिला चिखलाचा नवा गिलावा देते आणि त्याचा मोठा उत्सव होतो. पावसाने धुऊन जाणारी भिंत ही त्या गावाची अडचण खरी, पण तीच गावाला वर्षातून एकदा एकत्र आणते. काँक्रीटच्या स्लॅबला असे कोणी लागत नाही. ठेकेदार येतो, पैसे घेतो, जातो. गावाने मशिदीकडे जायचे एक कारण संपते, आणि मशिदीने गावाला हाक मारायचेही.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. ज्याचे घर आपल्या घरासारखे दिसते, त्याला परका म्हणायला जीभ जड होते. ती कौलारू मशीद काही न बोलता एक गोष्ट सांगत होती: ही माणसे इथलीच आहेत, यांच्या डोक्यावर तोच पाऊस पडतो आणि यांच्याही छपराला तेच वासे लागतात. मशिदीने परक्या मुलखाचे आणि देवळाने छापील नमुन्याचे रूप घेतले की ही साक्ष बुडते. मग कोकणातला मुसलमान किती शतकांचा कोकणी आहे, हे पटवून द्यायला ताम्रपट शोधत हिंडावे लागते. ताम्रपट कोण वाचतो? कौले तर शेंबड्या पोरालाही दिसत होती.

यावर माझ्याजवळ काही जादूचा तोडगा नाही, पण अगदी काहीच करता येणार नाही असेही नाही. जागा कमी पडत असेल तर नवे दालन बाजूला किंवा मागे बांधावे आणि जुना गाभा, त्याचे खांब, तुळया, मिंबर आहे तिथेच ठेवावे. मुंबईच्या जामा मशिदीने तळे राखून मजले चढवले, ते शहापूरच्या एखाद्या गावाला अशक्य नसावे. पाडणे अटळच असेल तर आधी इमारतीची मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, तुळयांवरची कोरीव अक्षरे उतरवून घ्यावीत. वास्तुशास्त्र शिकणारी मुले अशा कामासाठी आनंदाने येतील. मुंबईत पुरातन वास्तूंच्या जतनाचे नियम १९९५ मध्ये आले. गावातल्या देवळा-मशिदींना तसले छत्र सहसा नसते. तिथे गावानेच शहाणे व्हायला हवे, आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना व मशिदीच्या कमिटीला एकाच बैठकीत बसवून हे बोलायला हवे. दोघांचाही आजार एकच आहे.

नवे बांधायचेच तर तेही आपल्या मातीतले असू शकते. ढाक्याच्या मरिना तबस्सुम या वास्तुविशारद बाईंनी आजीने दिलेल्या जागेवर बैत उर रूफ ही मशीद बांधली. २०१२ मध्ये ती पूर्ण झाली आणि २०१६ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला. साधी बंगाली वीट, छपरातल्या गोल झरोक्यांतून खाली पडणारा उजेड, भिंतींच्या जाळीतून खेळणारा वारा. ना घुमट, ना मनोरा. वस्तीतले लोक तिथे नमाज पढतात आणि मुले तिच्या ओट्यावर खेळतात. बंगालच्या विटेला जे जमले, ते आपल्या जोत्याच्या दगडाला आणि कौलांना का जमू नये?

या पावसाळ्याआधी शहापूर, मुरबाड किंवा खाली रायगड-रत्नागिरीकडे गेलात, तर वाटेवरची जुनी मशीद उतरून पाहा. नमाजाची वेळ टाळावी, चपला बाहेर काढाव्यात आणि आत यायची परवानगी विचारावी. बहुतेक ठिकाणी कोणीतरी पुढे येऊन हौसेने दाखवील, चहाचाही आग्रह करील. मान वर करून छपराकडे पाहा आणि वासे मोजा. मग कोणीतरी विचारीलच, कुठले तुम्ही, काय पाहता? सांगा, तुमची कौले पाहायला आलो. पाहुणे कौले पाहायला येतात हे कमिटीच्या कानावर गेले, तर पुढच्या बैठकीत निदान दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागवावे असे एखादा तरी म्हणेल.